पाथरी ते पाणचक्की: अडीच शतकांचा ज्ञानव्यवहार

बीबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावर पितळी पत्रा मढवलेले भव्य कवाड आहे. त्याच्या वेलबुट्टीवर सगळ्यांची नजर जाते, पण तिथे कोरलेली दोन नावे फार थोडे लोक वाचतात. एक वास्तुकार अताउल्लाह आणि दुसरे अभियंता हंसपतराय. सतराव्या शतकातल्या शाही इमारतीवर बनवणाऱ्यांची नावे सापडणे ही दुर्मीळ गोष्ट. त्यातही अताउल्लाह हे नाव दोन वेगळ्या इतिहासांत येते, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे.

हा अताउल्लाह म्हणजे ताजमहालाचा वास्तुकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. १६३४-३५ मध्ये त्याने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चे संस्कृतातून फारसीत भाषांतर केले आणि ते शाहजहानला अर्पण केले. पुढे १८१३ साली एडवर्ड स्ट्रॅची याने लंडनमध्ये ‘बीजगणित’ इंग्रजीत छापले, ते या फारसी भाषांतरावरून. कोलब्रुकचे थेट संस्कृतावरून केलेले भाषांतर त्यानंतर चार वर्षांनी, १८१७ मध्ये आले. म्हणजे भास्कराचार्यांचे बीजगणित इंग्रजी वाचकांपर्यंत पहिल्यांदा पोहोचले ते मकबऱ्याच्या वास्तुकाराच्या लेखणीतून. आणि ज्या भास्कराचार्यांचे हे पुस्तक, त्यांच्या घराण्याचा शिलालेख कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढल्याची नोंद त्या लेखात आहे.

आरंभीच्या आधुनिक काळातले, म्हणजे साधारण १५०० ते १७६० या काळातले प्रभावी कलावंत, विचारवंत आणि वैज्ञानिक कोण, असे विचारले की कोपर्निकस, गॅलिलिओ, माँतेन, शेक्सपिअर, न्यूटन ही नावे आपण पटकन घेतो. त्याच काळातला मराठवाडा आठवायचा म्हटले तर निजामशाहीचा पाडाव, मोगलांच्या छावण्या आणि मराठ्यांच्या लढाया डोळ्यांपुढे येतात. या मुलखात त्या अडीच शतकांत ग्रह कोण मोजत होते, पाणी कोण खेळवत होते, जुन्या ग्रंथांचे पाठ कोण शुद्ध करत होते, याची यादी एका ठिकाणी सहसा मिळत नाही. ती मांडून पाहिली तर आजच्या छत्रपती संभाजीनगराच्या परिसराचे वेगळेच चित्र समोर येते.

सुरुवात गोदाकाठच्या पार्थपूरपासून, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीपासून करावी लागते. तिथल्या ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धांतसुंदर’ लिहिला. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’नंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी खगोलशास्त्राचा सर्वांगीण सिद्धांतग्रंथ लिहिण्याचा हा मोठा प्रयत्न होता. पृथ्वी गोल मानणारे ज्योतिषशास्त्र आणि पुराणांतली विश्वरचना यांचा मेळ कसा घालायचा, हा ज्ञानराजापुढचा खरा पेच होता. त्याच्या ग्रंथात गणितासोबत ऋतुवर्णनाचे काव्यही आहे.

ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास याने तर गणित आणि काव्य दोन्हीकडे कमाल केली. त्याने १५३८ मध्ये ‘बीजगणिता’वर आणि १५४१ मध्ये ‘लीलावती’वर टीका लिहिली. त्यानंतर दोनच वर्षांनी कोपर्निकसचा ग्रंथ युरोपात छापला गेला. याच सूर्यदासाचे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ सरळ वाचले तर रामकथा आणि उलट वाचले तर कृष्णकथा सांगते. अक्षरांचा हा हिशेब सांभाळणारा माणूस समीकरणांवरही टीका लिहितो, याचे आज नवल वाटेल. त्या काळी एकाच घरात दोन्ही विद्या शिकवल्या जात.

पाथरीच्याच आसपास गोदाकाठी गोळग्राम नावाचे गाव होते. तिथला दिवाकर हा ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञाचा शिष्य. १५२० च्या या ‘ग्रहलाघवा’ने ग्रहगणित इतके सोपे केले की पुढची कित्येक शतके पंचांगकर्ते त्यावरच विसंबले. दिवाकराची मुले आणि नातवंडे ज्योतिषी झाली आणि हळूहळू हे घराणे काशीला गेले. त्याच वंशातल्या कमलाकराने १६५८ मध्ये काशीत ‘सिद्धांततत्त्वविवेक’ पूर्ण केला. त्यात समरकंदच्या उलुगबेगाच्या सारण्यांचा आधार आहे, ग्रीक-अरबी खगोलशास्त्राशी केलेली चर्चा आहे, आणि ध्रुवतारा पूर्णपणे स्थिर नसतो हे निरीक्षणही आहे. कमलाकराचा प्रतिस्पर्धी मुनीश्वर याचे घराणेही महाराष्ट्रातलेच, विदर्भातल्या दधिग्रामचे. मुनीश्वराने १६४६ मध्ये ‘सिद्धांतसार्वभौम’ लिहून भास्कराचार्यांची बाजू लावून धरली, तर कमलाकराने भास्कराचार्यांवर कडक टीका केली. गोदाकाठ आणि विदर्भ इथून निघालेली दोन घराणी काशीत बसून, परदेशी गणित घ्यायचे तर किती घ्यायचे, यावर पिढीजात वाद घालत होती.

शास्त्री घराण्यांचीही तीच वाट. पैठणचे रामेश्वरभट्ट गाव सोडून काशीत स्थिरावले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट (जन्म १५१३) यांनी काशी, प्रयाग आणि गया या तीर्थांवर ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला; सोळाव्या शतकातल्या विश्वेश्वर मंदिराच्या उभारणीशीही त्यांचे नाव जोडले जाते. त्यांचा नातू कमलाकरभट्ट याचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ चा. सणावारांच्या आणि धर्मकृत्यांच्या निर्णयासाठी तो आजही उघडला जातो. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा विधी सांगणारे गागाभट्ट याच पैठणकर घराण्यातले. शाहजहानकडून यात्राकर माफ करून घेणारे कवींद्राचार्य सरस्वतीही मूळचे गोदातीरचे. काशीतला त्यांचा ग्रंथसंग्रह त्या काळी फार मोठा मानला जाई, आणि फ्रेंच प्रवासी बर्निये त्यांच्या सहवासात होता.

जे गेले त्यांनी काशी गाजवली. पैठणला राहिलेल्या एकनाथांनी मराठीचे रूप बदलले.

एकनाथांचा पारंपरिक जन्मकाळ १५३३. माँतेनही त्याच साली जन्मला. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे आणि देवगिरीचे किल्लेदार. परंपरा जनार्दनस्वामींचा संबंध चांद बोधले या सुफी सत्पुरुषाशी जोडते, आणि ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद त्याच गुरुपरंपरेतले मानले जातात. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींचा अभ्यास करताना हे धागे उलगडून दाखवले.

एकनाथांचे भागवत १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाले. पण आधुनिक विद्येच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम १५८४ चे, शके १५०६ मधले. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत तीनशे वर्षांत पाठभेद शिरले होते, नव्या ओव्याच घुसल्या होत्या असे नाही, तर शब्दही बदलले होते. एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये, अशी ताकीद ग्रंथाला जोडली. मूळ लेखकाचे शब्द आणि नक्कलकारांची भर यांत फरक करायचा, हा विचार युरोपात इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नव्या करारावर चालवला होता. एकनाथांना त्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. पैठणच्या वाड्यात बसून त्यांनी स्वतःच्या गरजेतून ती पद्धत घडवली. त्यांच्या भारुडांत जोशी, वासुदेव, भुत्या, महार, जोगवा मागणारी बाई अशी माणसे स्वतःच्या तोंडाने बोलतात. ‘हिंदु-तुर्क संवाद’ या रचनेत दोन धर्मांची माणसे एकमेकांना खडे सवाल करतात आणि शेवटी समजुतीवर येतात. राजसत्ता मुसलमानी असताना आणि कर्मठांचा दबदबा असताना हे लिहायला धैर्य लागते.

वेरूळजवळच्या देवगावात १६२८ मध्ये बहिणाबाईंचा जन्म झाला. तुकारामांना गुरू मानणाऱ्या या बाईने स्वतःचे चरित्र अभंगांत सांगितले. लहानपणी वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी लागलेले लग्न, नवऱ्याचा मार, वासराचा लळा, गुरूची ओढ, हे सगळे त्यात उघडपणे येते. त्यांनी ‘वज्रसूची’ मराठीत आणली. ब्राह्मण कोणाला म्हणावे, देहाला, जन्माला, वर्णाला की ज्ञानाला, असा एकेक पर्याय पुढे करून खोडणारा हा ग्रंथ. एका ब्राह्मण घरातल्या स्त्रीने तो मराठीत मांडला, ही त्या काळच्या वैचारिक इतिहासातली मोठी घटना आहे. त्यांची समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला आहे. दौलताबादला १६३८ मध्ये जन्मलेली औरंगजेबाची मुलगी झेबुन्निसा फारसी कवयित्री म्हणून ओळखली गेली. दहा वर्षांच्या अंतराने आणि काही कोसांच्या टापूत जन्मलेल्या या दोघींची नावे एकत्र घेतलेली मात्र क्वचितच दिसतात.

विद्येचा विचार पोथ्यांपाशीच थांबवला तर या परिसरावर अन्याय होईल. १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूचे उपग्रह पाहिले, त्याच साली मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवली. इथिओपियात चापू या नावाने जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि बगदादमार्गे दख्खनेत आलेला हा माणूस निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. त्याची जमीनमहसुलाची पद्धत मराठी दप्तरांत ‘मलिकंबरी’ म्हणून पुढेही ओळखली गेली. पण त्याची खरी बुद्धी पाहायची तर नहर पाहावी.

१६१७ च्या सुमाराची ही नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेला डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भुयारात गोळा करायचे, उताराचा अंदाज घेत ते जमिनीखालून गावापर्यंत आणायचे, वाटेत ठिकठिकाणी माणूस उतरू शकेल अशी तोंडे ठेवायची, आणि पुढे खापरी नळांतून हौदांत सोडायचे. कुठेही मोट नाही, रहाट नाही. सगळे काम उताराच्या जोरावर चाले. उतार जास्त झाला तर पाणी भिंती खाणार, कमी झाला तर गाळ बसणार. त्यामुळे उताराचे काटेकोर मोजमाप त्यामागे होते. विसाव्या शतकातही या नहरींचे पाणी शहरात वापरले जात होते.

त्याच विद्येचा पुढचा टप्पा पाणचक्कीत दिसतो. बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सुफींच्या तकियात अठराव्या शतकात ही चक्की उभी राहिली. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येते, उंच भिंतीवर चढते आणि वरून हौदात कोसळते. त्या जोरावर चाक फिरे, जाते फिरे आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण निघे. पाणी पंपाशिवाय भिंतीवर कसे चढते, हे पाहुण्यांना कोडे वाटते. झऱ्याची पातळी भिंतीच्या माथ्यापेक्षा उंच आहे, म्हणून बंद नळातून आलेले पाणी आपली उंची गाठायला वर येते. वाटेतले मनोरे नळातली कोंडलेली हवा मोकळी करतात आणि दाब आटोक्यात ठेवतात. त्या मनोऱ्यांशिवाय खापरी नळ केव्हाच फुटले असते.

मकबराही याच नजरेने पाहावा. १६५१ ते १६६१ या काळात तो उभा राहिला आणि खर्च पावणेसात लाख रुपयांच्या आत राहिल्याची नोंद आहे. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने सुरत-गोवळकोंडा वाटेवर संगमरवर वाहणाऱ्या सुमारे तीनशे गाड्या पाहिल्या, त्यांतल्या लहानात लहान गाडीलाही बारा बैल होते. इतक्या लांबून आलेला दगड मोजकाच वापरायचा होता. म्हणून खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी, मधला भाग काळ्या दगडाचा आणि त्यावर घोटून गुळगुळीत केलेला चुन्याचा गिलावा. ‘गरिबांचा ताज’ म्हणून या इमारतीची बोळवण करणाऱ्यांनी तो गिलावा आणि त्यावरची फुलपाने जवळून पाहावीत. अपुऱ्या साधनांत काम चोख करणारे गवंडी आणि चुनेवाले इथे होते, हे त्यातून कळते.

मोगल छावणीमुळे राजपूत सरदारही इथे आले. कर्णपुऱ्याला नवरात्रात देवीची यात्रा भरते. ही वस्ती बीकानेरच्या कर्णसिंहाच्या नावाची. पदमपुरा, जसवंतपुरा ही नावेही तशीच. या सरदारांबरोबर चितारी आले. भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’ची एक सचित्र पोथी १६५० साली औरंगाबादेत तयार झाली. तिच्यात राजस्थानी धाटणी आणि दख्खनी रंगसंगती एकत्र नांदतात. कर्णसिंहाचा मुलगा अनूपसिंह दख्खनेच्या मोहिमांत असताना संस्कृत पोथ्या जमवत राहिला, आणि बीकानेरचे अनूप संस्कृत ग्रंथालय त्यातून उभे राहिले.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तर हे शहर उर्दू, फारसी, अरबी आणि मराठी अशा चार भाषांच्या साहित्याचे केंद्र झाले. वली दखनीची गझल इथल्या बोलीच्या मुशीत घडली. १७०० च्या सुमारास तो दिल्लीला गेला, पुढे त्याचा दिवान तिथे पोहोचला, आणि फारसीतच लिहिणारे दिल्लीचे शायर आपल्या बोलीकडे वळले. त्याच्यानंतरचा सिराज औरंगाबादी प्रेमातल्या विस्मयाची गझल लिहून गेला. कव्वाल ती आजही गातात. याच शहरात मध्वमुनीश्वरांचे शिष्य अमृतराय (१६९८-१७५३) कीर्तनात कटाव म्हणत. शब्दांचा धबधबा आणि लयीची दौड असलेल्या या रचना मराठीत आणि हिंदुस्थानीतही आहेत.

आणि पाणचक्कीच्या तकियात बसून गुलाम अली आझाद बिलग्रामी लिहीत होते. हज करून १७४० च्या सुमारास ते इथे आले आणि इथलेच झाले. १७६३-६४ मध्ये त्यांनी अरबीत ‘सुबहतुल मर्जान’ लिहिला. त्यात भारतातल्या विद्वानांची चरित्रे आहेत आणि भारतीय अलंकारशास्त्र व नायिकाभेद अरबी वाचकांना समजावून सांगितले आहेत. ज्या नायिका १६५० मध्ये या शहरात रंगांत उतरल्या होत्या, त्या शंभराहून अधिक वर्षांनी इथूनच अरबीत गेल्या. आझादांचा शिष्य लछमी नारायण शफीक याने विशीही गाठलेली नसताना १७६१ च्या सुमारास ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ हा उर्दू कवींचा परिचयग्रंथ लिहिला. उतारवयात त्याने मराठ्यांचा इतिहास फारसीत सांगितला.

आझादांच्या एका कामासाठी इतिहासाचे विद्यार्थी त्यांचे कायम ऋणी राहतील. निजामाचा माजी दिवाण शाहनवाझखान मोगल सरदारांचा चरित्रकोश, ‘मआसिरुल उमरा’, लिहीत होता. १७५८ च्या मे महिन्यात औरंगाबादेतल्या दंग्यात तो मारला गेला, घर लुटले गेले आणि हस्तलिखिताचे कागद पांगले. आझादांनी वर्षभर शोध घेऊन ते मिळवले, लावले आणि प्रस्तावना जोडली. पुढे शाहनवाझखानाच्या मुलाने, अब्दुल हयीने, ग्रंथ पूर्ण केला. मालोजी आणि शहाजी राजांच्या काळातल्या कितीतरी सरदारांची माहिती आज या ग्रंथात सापडते.

इतके सगळे होते, मग ते एका परंपरेच्या रूपात का टिकले नाही?

पहिले कारण आश्रयाचे. विद्वान आश्रयदात्याच्या मागे जात. दुष्काळ, लढाया आणि सत्तांतरे यांनी गोदाकाठच्या पंडितांना काशीकडे नेले, आणि १७६३ च्या सुमारास निजामाची राजधानी हैदराबादला हलल्यावर औरंगाबादचे शायर आणि कातिबही पांगले. दुसरे कारण छपाईचे. गोव्यात १५५६ मध्ये छापखाना आला, स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. पण घाटावर ते तंत्र आले नाही. इथे दौलताबादी कागद उत्तम होता, कागजीपुऱ्यात तो बनत होता, तरी ग्रंथ हातानेच उतरवले जात. एक वाडा लुटला की एक ग्रंथ जाण्याचा धोका असे, हे शाहनवाझखानाच्या उदाहरणातून दिसतेच.

तिसरे कारण नंतरचे आणि आजही चालू असलेले आहे. सूर्यदास संस्कृतच्या वाट्याला गेला, एकनाथ मराठीच्या, वली आणि सिराज उर्दूच्या, शाहनवाझखान फारसीच्या, तर मलिक अंबरची नहर पुरातत्त्वाच्या. प्रत्येक भाषेचा इतिहास आपापला माणूस उचलतो आणि शेजाऱ्याकडे पाहत नाही. त्यामुळे ‘बीजगणित’ या एकाच पुस्तकावर सूर्यदासाने पाथरीत टीका लिहिली आणि शतकभराने अताउल्लाहने त्याचे भाषांतर केले, हा धागा कोणाच्याच वाट्याला येत नाही. आपल्या प्रदेशाला विज्ञानाचा इतिहासच नाही असा समज त्यातून पसरतो, आणि तो निखालस चुकीचा आहे.

जोडण्याचे काम करणारी माणसे होऊन गेली. शं. बा. दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त पार्थपूर आणि गोळग्रामच्या ज्योतिषी घराण्यांचा तपास मराठीत केला. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम अनेक वर्षे औरंगाबादेतून चालवले आणि इथल्या जुन्या शायरांचे ग्रंथ उजेडात आणले. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने आणि सुफींचा इतिहास मराठी वाचकांच्या हाती दिला. पुढचे काम एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नाही. संस्कृत, फारसी, दखनी आणि मोडी जाणणारे चार अभ्यासक एका टेबलाशी बसले, तर पाटण, पाथरी, पैठण, देवगिरी, शिऊर आणि औरंगाबाद यांतल्या ग्रंथकारांची व ग्रंथांची एकत्र सूची तयार होऊ शकते. कोणता ग्रंथ कुठल्या संग्रहात आहे, कोणाचा शिष्य कोण, कोण कुठून कुठे गेला, याचा नकाशा त्यातून निघेल. विद्यापीठ याच शहरात आहे, पैठणला संतसाहित्याचे जाणकार आहेत, आणि जुन्या घरांतून अजूनही पोथ्या निघतात. सुरुवात ‘बीजगणिता’पासून करावी: भास्कराचार्यांचा मूळ पाठ, सूर्यदासाची टीका आणि अताउल्लाहचे फारसी भाषांतर शेजारी शेजारी ठेवून मराठीत आणावे, आणि ते पुस्तक कन्नड-चाळीसगाव-पाथरीच्या शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांपर्यंत आधी पोहोचवावे.